चूल बंद आवतण

पिवळ्या तांदळांची वाटी पदराखाली धरून सत्यभामावहिनी अंगणात उभ्या होत्या, आणि ओसरीवर बसलेल्या शांतवन पाळकांच्या बशीतला चहा निवून चालला होता... बारा वर्षं! पिंपळटोलीच्या तलावाची ती एवढीशी पाळ, दोन बैलगाड्या जेमतेम शेजारून जातील एवढीच रुंद. पण बारा वर्षं ती ओलांडून वहिनी धाकट्या दिराच्या दारी आल्या नव्हत्या. आणि आज, पंच्याऐंशी सालच्या मार्च महिन्यातल्या त्या कोवळ्या सकाळी, हिरवं लुगडं नेसून, जणू काल संध्याकाळीच ताक मागून गेल्यासारख्या त्या येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बस म्हनशीन का नाई रे, शांतू?" त्यांनी विचारलं.

शांतू आता पासष्ट वर्षांचा होता. चाळीस वर्षं प्रवचनं करून जो कधी शब्दाला अडला नव्हता, चार वर्षांपूर्वी निवृत्त होतानाही तासभर बोलून ज्यानं लोकांना पेंगायला लावलं होतं, तो माणूस आज बाज ओढू की पाट मांडू, या विचारात ओसरीवर नुसता गरगर फिरला. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तापानं गेली, असं घरात सांगत. त्याच वर्षी प्रभुदासदादांचं लग्न झालं आणि चौदा वर्षांच्या या वहिनीनं आल्या दिवशी दिराला कडेवर उचललं, ते तो शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. ‘आई’ हा शब्द उच्चारला की शांतवन पाळकांच्या डोळ्यांपुढं दुसरा कुठला चेहरा येतच नसे.

वहिनी बसल्या नाहीत. त्यांची नजर ओसरीच्या कडेला, चुलीकडं गेली होती. तिथं मंगलाबाई फुंकणीनं जाळ फुलवत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं अर्धीमुर्धी झडलेली होती. फुंकणी ती तळहात आणि अंगठा यांच्या बेचक्यात धरी. मोठ्या पातेल्यात आधण खदखदत होतं. वहिनींनी ते पातेलं निरखून पाहिलं.

"एकट्याले एवढा भात लागते का तुले?"

"पाच जनाचा हाय, वयनी," पाळक कसेबसे म्हणाले. "मी, ही मंगलाबाई, तिचा घरवाला गुलाब, भैय्यालालबुवा अन् सुमनबाई. माही एस्तेर गेल्यापासून एकाच चुलीवर होते सगळ्यायचं."

"रोज?"

"रोज."

वहिनींच्या सुरकुतलेल्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी वाकून उंबऱ्यावर पिवळे तांदूळ ठेवले. ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या तरी लग्नाच्या आवतणाचे हळदीचे तांदूळ काही त्या घराण्यानं बदलले नव्हते. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि शेजारपाजारच्या अंगणांत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुवार्ताचं लगन हाय, सोमवारी. लगन तूच लावाचं, पोरीचा हट्ट हाय. अन् तुमच्या घरची चूल बंद!"

पाळकांच्या काळजात लक्क झालं. त्या मुलखात आवतणाच्या तऱ्हा असतात. घरटी एक माणूस बोलावतात, कधी नुसती गडीमाणसं बोलावतात. पण ‘चूल बंद’ म्हटलं की त्या दिवशी त्या घरात जाळ करायचा नाही. त्या चुलीवर जो जो जेवतो तो तो, मग तो पाहुणा असो, गडी असो की आंधळा म्हातारा असो, मांडवात आलाच पाहिजे; आणि चूल बंद सांगून आलेल्याला मांडवाच्या दारातून परतवणं म्हणजे सात पिढ्यांची बदनामी.

"वयनी, दादाले हे मालूम हाय का?"

"त्यायनंच सांगतलं ना! ‘एकटा जीव हाय बिचारा, चूल बंद सांगून ये’ म्हने." वहिनींनी वाटी पुन्हा पदराखाली घेतली. "चुलीवर किती जन जेवतेत, ते काई त्यायनं पुसलं नाई. मीही सांगतलं नाई."

आणि पंचाहत्तरी ओलांडलेली ती म्हातारी पोरीसारखी खुदकन हसली, आणि पाळीच्या वाटेला लागली.

ती गेल्यावर किती तरी वेळ पाळक त्या पिवळ्या तांदळांकडं पाहत राहिले... काय झालं होतं बारा वर्षांपूर्वी? गावात कोणी विचारलं तर लोक एका वाक्यात सांगत की दोघं भाऊ प्याल्यावरून भांडले. आणि ते खरंच होतं. त्र्याहत्तर सालचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. गावाबाहेरच्या झोपड्यांत राहणारे गुलाब, मंगलाबाई, भैय्यालाल, सुमनबाई हे महारोगातून उठलेले लोक होते. डॉक्टरांनी बरे म्हणून घरी पाठवलेले आणि घरच्यांनी दारातूनच परतवलेले. दर आयतवारी ते देवळाच्या बाहेर पडवीत बसत आणि प्रभुभोजनाच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर एका पत्र्याच्या मगात त्यांना द्राक्षरस मिळे. त्या शुक्रवारी शांतवन पाळकांनी तो मग उचलून बाजूला ठेवला, चौघांना हाताला धरून आत आणलं, पहिल्या ओळीत बसवलं, आणि देवळाचा एकुलता एक प्याला आधी गुलाबच्या ओठांशी नेला. गुलाबनं तो दोन्ही मनगटांच्या मध्ये धरला होता, थेंबही सांडू न देता. त्याच्या शेजारी होते मंडळीचे पंच, प्रभुदासदादा. पाळकांनी प्याला भावापुढं केला. दादांनी त्याच्याकडं पाहिलं, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि ते उठून चालते झाले. त्यांच्यामागून अर्धं देऊळ उठलं.

वर्षभरात तलावाच्या पलीकडं दुसरं देऊळ उभं राहिलं. इकडची घंटा पितळी होती. तिकडं त्यांनी आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगला आणि तो हातोड्यानं बडवू लागले. गुलाब इकडची दोरी मनगटाला गुंडाळून घंटा वाजवी, की लगेच पलीकडून ठण्‌ठण् सुरू व्हायचं. निवृत्तीनंतर ओसरीवर बसून दोन्ही आवाज ऐकताना पाळकांना कधी कधी हसू येई. देवानं एवढ्याशा गावाला आकाश एकच दिलं, तलाव एकच दिला, आणि या लोकांनी त्याच्या कानाशी दोन घंटा टांगल्या होत्या!

पण हसू नेहमी टिकत नसे. त्या चौघांना आत आणल्याचा पश्चात्ताप त्यांना एक क्षणही झाला नव्हता. उद्या पुन्हा तो दिवस उजाडला असता तर त्यांनी पुन्हा तेच केलं असतं. मात्र ज्यांना दार उघडलं ते आत आले आणि ज्यानं आपल्याला वाढवलं तो बाहेर गेला, हे शल्य त्यांच्या अंतःकरणात अहोरात्र सलत होतं. पत्नी एस्तेरबाईंच्या मातीच्या दिवशी दादा आणि वहिनी पाळीवर उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. दादांनी टोपी काढून हातात धरली होती. माती होईपर्यंत ते उभे होते, पण खाली उतरले नाहीत. एवढा कसला अहंकार, एवढी कसली उच्चनीचता माझ्या भावाच्या पोटात आहे, असं स्मशानातून परतताना व्याकूळ होऊन पाळकांनी देवाला विचारलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

आवतणाची गोष्ट दुपारपर्यंत चौघांना कळली, आणि चौघांचे चेहरे उतरले. भैय्यालालबुवा तर म्हणाले की मला त्या दिवशी ताप येणार आहे, आत्तापासूनच कसकस वाटते. शेवटी गुलाब पुढं आला.

"पाळकसाहेब, तुमी एकले जा. आमी इथंच खाऊ काईतरी. आमच्यापाई एकडाव भाऊ तुटला तुमचा. आता पोरीच्या लगनात इघ्न कायले?"

गुलाब म्हणत होता ते सोपं होतं, आणि कोणाचंच त्यात नुकसान दिसत नव्हतं. सुवार्ता ही दादांची नात. देवळं वेगळी होण्याआधी तिचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा, आणि वेगळी झाल्यावरही ती फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन पाळीवरून ‘लहान आजोबा’ करत चोरून येणारी. तिच्या अंगावर अक्षता टाकायच्या, दादांच्या शेजारी बसून जेवायचं, बारा वर्षांचा दुरावा एका दुपारी मिटवायचा! त्यासाठी फक्त चार माणसांनी एक दिवस घरी थांबायचं होतं. चौघं नेले आणि दादांनी मांडवाच्या दारात त्यांना परतवलं, तर लग्न विसकटेल, पोर रडेल आणि भाऊ कायमचा जाईल. त्यांचं मन त्या दुपारी किती वेळा पाळीपलीकडं जाऊन आलं, ते त्यांनाच ठाऊक.

मग त्यांना पत्र्याचा मग आठवला. चौघं घरी राहिले तर तो मग आपणच पुन्हा बाहेर काढल्यासारखं होईल, आणि या वेळी तो देणारा हात आपला असेल.

"चूल बंद म्हनजे चूल बंद," ते म्हणाले. "पाचही जन जाऊ. परतवलं तर पाचही जन परत येऊ."

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीतली राख काढली आणि तिच्यावर पातेलं पालथं घातलं. भैय्यालालबुवांचा ताप अर्थातच उतरला होता. पाळकांचा जुना काळा कोट अंगावर चढवून ते सकाळपासून अंगणात मिरवत होते. सुमनबाईनं केसांत करडईची फुलं खोवली होती आणि म्हातारपणी हे काय म्हणून मंगलाबाईनं तिला चिडवून घेतलं होतं. अशी ती पाच माणसांची वरात तलावाच्या पाळीवरून निघाली. वर निळंभोर आकाश होतं, तलावात कमळं डोलत होती, आणि पलीकडून वाजंत्र्याचे सूर येत होते.

मांडवाच्या दारात प्रभुदासदादाच उभे होते. यजमानानं आलेल्याच्या पायांवर पाणी घालायचं, ही तिकडची रीत. एकोणऐंशी वर्षांचे दादा, हातात तांब्याचा लोटा, शेजारी पाण्याची घागर. धाकट्या भावाला पाहून त्यांचा चेहरा उजळला... आणि लगेच त्यांना मागचे चौघं दिसले.

वाजंत्री थांबली. मांडवातली माणसं माना उंचावून पाहू लागली. दादांच्या हातातला लोटा तसाच अधांतरी राहिला, आणि चेहऱ्यावर बारा वर्षांपूर्वीची ती राख पुन्हा पसरू लागली. पाळकांनी गुलाबचं मनगट घट्ट धरलं. बोहल्यावर जायला निघालेली सुवार्ता घराच्या दारात येऊन थबकली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी जमू लागलं होतं.

तेवढ्यात तिच्यामागून सत्यभामावहिनींचा आवाज आला, "चूल बंद सांगतलं होतं ना जी तुमी? त्याच्या चुलीवर पाच जन जेवतेत."

दादांनी वळून बायकोकडं पाहिलं. साठाहून अधिक वर्षांच्या संसारात ती आपल्याला कितव्यांदा असं कोंडीत पकडते आहे, याचा हिशेब बहुधा त्यांच्या मनात चालला असावा. मग त्यांची नजर गुलाबच्या पायांकडं गेली. डाव्या पायाला बोटं नव्हती. टायरच्या चपलेला पट्टा बांधून ती त्यानं कशीबशी अडकवली होती. दादा त्या पायाकडं किती वेळ पाहत राहिले, देव जाणे.

आणि मग ते वाकले. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत ते खाली बसले, आणि त्यांनी गुलाबच्या त्या पायावर पाणी घातलं. मग मंगलाबाईच्या पायांवर, भैय्यालालबुवांच्या, सुमनबाईच्या. सर्वांत शेवटी भावाच्या पायांवर. वहिनींनी वाजंत्रीवाल्यांकडं असे डोळे वटारले की सनई नेहमीपेक्षा दुप्पट जोरानं सुरू झाली.

लग्न थाटात लागलं. प्रार्थना करताना पाळकांचा आवाज दोनदा भरून आला आणि दोन्ही वेळा सुवार्तानं घुंघटाआडून त्यांच्या कोटाची बाही ओढली. पंगतीत वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. दादा स्वतः वाढत फिरले, चौघांच्या पत्रावळींवरही त्यांनी आग्रहानं बुंदी घातली. पण यजमान शेवटी जेवतो, त्यामुळं सोबत बसणं काही झालं नाही. परतताना चौघं आनंदानं बडबडत होते, आणि पाळक मनाशी विचार करत होते... दादांनी माणसाच्या पायांवर पाणी घातलं, की आवतणाच्या रीतीच्या? मांडवाची अब्रू राखणं वेगळं, आणि तो प्याला हातात घेणं वेगळं. आयतवारी पुन्हा दोन घंटा वाजणारच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही जण ओसरीवर जेवायला बसणार, तोच पाळीवरून काठी टेकत दादा आले. एकटेच. अंगणात थांबले, टोपी काढली.

"सत्यभामानं आज चूल पेटवली नाई," ते म्हणाले. "म्हने, जा शांतूकडं. काय शिजलं हाय?"

"लाखोळीच्या डाळीचं वरन अन् भात," मंगलाबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि ती घाबरून आत सरकली.

दादा येऊन ओसरीवर बसले, गुलाबच्या अगदी शेजारी. जागा दुसरीकडंही होती. ताट आलं, पण त्यांनी हात घातला नाही. ताटाकडं पाहत, खालच्या आवाजात ते बोलू लागले.

"शांतू, माय तापानं नाई गेली रे. मायले महारोग होता."

ओसरीवरचे सगळे हात थांबले.

"बापानं तिले वावरातल्या खोपडीत ठेवली. येगळी चूल. मी पंधरा वर्साचा. रोज भात अन् पान्याचा लोटा घेऊन जाओ, अन् वावराच्या धुऱ्यावर, दूरच ठेवून मांगं सरको. ती म्हने, ‘परभ्या, जवळ ये ना बेटा, एकडाव.’ मी नाई गेलो. दोन सालं नाई गेलो. तिच्या मातीलेही दूरच उभा राह्यलो." त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "गावाले कळलं असतं तर तुले कोनी शाळेत घेतलं नसतं, पाळक केलं नसतं. म्हनून ताप सांगतलं. सत्यभामाले सांगतलं, आनखी कोनाले नाई. त्या शुक्रवारी तू गुलाबचा प्याला माह्याकडं केला, तं मले माय दिसली. मी कोनत्या तोंडानं पेओ? माह्या मायले जो लोटा मी हातात देल्ला नाई, तो मी..."

आणि शांतवन पाळकांना एका क्षणात सगळं उमगलं! ज्याला ते अहंकार समजत होते, ती लाज होती. साठ वर्षं छातीत कोंडलेली. आपलं शिक्षण, आपली पाळकी, आपलं प्रवचनातलं सारं तेज ज्या मौनावर उभं होतं, ते या म्हाताऱ्यानं एकट्यानं पाळलं होतं. त्यांनी पुढं होऊन भावाचे दोन्ही हात धरले आणि लहान मुलासारखे रडले. आणि रडता रडता त्यांना इतकं हलकं वाटलं, इतका आनंद झाला, की आपण हसतो आहोत की रडतो आहोत हे त्यांचं त्यांनाच कळेना. मंगलाबाईनं पदर डोळ्यांना लावला. भैय्यालालबुवा उगाचच कोटाची बटणं लावत बसले.

रडण्यानं दादांना ठसका लागला. घरात पाण्याचा लोटा एकच होता, आणि तो गुलाबपाशी होता. तो नुकताच त्यातून प्याला होता. लोटा विसळायला तो उठू लागला.

"राहू दे," दादा म्हणाले. "दे तसाच."

गुलाबनं दोन्ही मनगटांत धरून लोटा पुढं केला. दादांनी तो त्याच्या हातांसकट धरला, तोंडाला लावला आणि सावकाश प्याले. मग तो धाकट्या भावाला दिला. पाळक प्याले. लोटा सहाही जणांतून फिरून रिकामा झाला आणि मंगलाबाईनं तो पुन्हा भरून मधोमध ठेवला.

दादांनी वरण-भात कालवला, पहिला घास खाल्ला आणि मीठ जरा जास्त झालं आहे असं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्यांदा भात मात्र त्यांनी मागून घेतला. जेवण आटोपत आलं तेव्हा ते गुलाबकडं वळून म्हणाले, "आयतवारी घंटा जोरानं वाजवजो. आमी तो रूळ नाई बडवत आता. इकडंच येऊ सारे."

"पलीकडं ऐकू येईन का जी?" गुलाबनं काळजीनं विचारलं. "तलाव मोठा हाय."

"येते," दादा म्हणाले. "बारा वर्सं ऐकूनच राह्यलो ना."